परसातला लसूण आणि तेलाची बरणी

दसरा झाला, पाऊस ओसरला, की परसातली माती खुरपीला हलकी लागते. लसूण लावण्याचे हेच दिवस. २०२४ च्या सुरुवातीला किरकोळ बाजारात लसूण किलोला चारशे रुपयांवर गेला होता, हे गृहिणी विसरल्या नसतील. तेव्हा घरामागे चार हात मोकळी जागा असणाऱ्यांनी यंदा एक वाफा लसणाला द्यायला हरकत नाही. आरोग्याच्या सदरात शेतीची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. लसूण पिकवणे आणि खाणे यात भिण्यासारखे फारसे काही नाही. तो साठवण्याच्या एका पद्धतीत मात्र जिवावर बेतणारा धोका आहे, आणि ती पद्धत अलीकडे घरोघरी शिरली आहे. त्याकडे येऊच. आधी लावणी पाहू.

एक मीटर रुंद आणि तीन मीटर लांब वाफा पुरे. माती भुसभुशीत करून त्यात दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये. पाणी साचणारी जागा लसणाला चालत नाही, गड्डे सडतात. गेल्या वर्षी जिथे कांदा होता ती जागाही टाळावी, कारण दोघांचे रोग एकच. बियाणे म्हणून टणक, मोठ्या पाकळ्यांचा अर्धा किलो लसूण घ्यावा. लावणीच्या दिवशीच गड्डे फोडून बाहेरच्या मोठ्या पाकळ्या निवडाव्यात. आतल्या बारीक पाकळ्या स्वयंपाकाला ठेवाव्यात. पाकळी सोलायची नाही. टोक वर, बूड खाली, दोन सेंटिमीटर खोल. ओळीत दहा आणि दोन ओळींत पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवले तर या वाफ्यात दोनशे रोपे बसतात. प्रत्येकी वीस ग्रॅमचा गड्डा धरला तरी चार किलो लसूण झाला. पाच माणसांच्या घराला तो बरेच महिने पुरतो.

जात कोणती घ्यावी, असा प्रश्न येतो. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथे कांदा-लसणाचे केंद्रीय संशोधन होते. तेथील ‘भीमा ओंकार’ पांढरी, तर ‘भीमा पर्पल’ जांभळट. यातले काही मिळाले तर उत्तम, नाही तर आपल्या भागात वर्षानुवर्षे येणारा गावरान लसूण लावावा.

नोव्हेंबर संपायच्या आत लावणी उरकावी. लसणाला आधी थंडी लागते, तीत पात वाढते. पुढे दिवस मोठा होऊ लागला, ऊन चढले की गड्डा भरतो. उशिरा लावलेल्याला वाढायला वेळच मिळत नाही. पाणी आठ-दहा दिवसांनी द्यावे. तण हाताने उपटावे, खुरपी खोल घालू नये. पातीवर पांढुरके चट्टे दिसले तर फुलकिडे आले असे समजावे. घरच्या बागेत पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क एवढ्यावर बहुतेक भागते. कोवळ्या पातीची चटणी भाकरीबरोबर फार छान लागते, पण मोह आवरावा. एकाच रोपाची पात सारखी कापली तर खाली गड्डा भरत नाही. चटणीसाठी कडेची एक ओळ वेगळी राखून ठेवावी.

साधारण चार ते साडेचार महिन्यांनी, म्हणजे फाल्गुनाच्या सुमारास, पात पिवळी पडून शेंडे वाळू लागतात. त्याआधी दोन आठवडे पाणी तोडावे. ओल्या जमिनीतून काढलेला लसूण टिकत नाही. फार वाट पाहिली तर पाकळ्या जमिनीतच सुट्या होतात, तेही वाईट. खुरप्याने बाजूने माती सैल करून गड्डा पातीसकट उचलावा. उपटून ओढू नये, आपटून माती झाडू नये, आणि धुऊ तर अजिबात नये. घाव लागलेले गड्डे वेगळे काढून आधी खाऊन टाकावेत.

यानंतरचे काम पुष्कळजण घाईने उरकतात आणि ज्येष्ठात लसूण काळा पडला म्हणून तक्रार करतात. काढलेला लसूण दोन-तीन दिवस वाफ्यावरच असा पसरावा की एकाची पात दुसऱ्याच्या गड्ड्यावर येईल. कडक ऊन थेट गड्ड्यावर पडले तर पाकळी भाजते. मग आठ-दहा दिवस वाऱ्याच्या सावलीत, ओसरीत किंवा पत्र्याच्या पडवीत, पातळ थर करून वाळवावा. मान दाबून पाहावी. ती ओलसर, मऊ लागली तर अजून वाळायचा आहे. मान कोरडी झाली आणि वरचा पापुद्रा कागदासारखा वाजू लागला की लसूण तयार. तो पापुद्रा म्हणजेच लसणाची खरी बरणी.

जुन्या घरांत पंधरा-वीस गड्ड्यांच्या जुड्या बांधून आढ्याला टांगत, तीत मोठे शहाणपण होते. हवा खेळते, उंदीर पोचत नाही, आणि चुलीची ऊब मिळाली तर पावसाळ्याची ओल लागत नाही. आज चूल नाही, तरी खिडकीजवळच्या दांडीवर जुडी टांगता येते. जाळीची पिशवी किंवा बांबूची परडीही चालेल. प्लॅस्टिकची पिशवी आणि बंद डबा नको. अख्खे गड्डे फ्रीजमध्येही ठेवू नयेत. त्या थंडीने पाकळीला कोंब फुटतो. अशा रीतीने ठेवलेला लसूण कांदेनवमीची भजी तळून, चातुर्मासात ज्या घरांत वर्ज्य असतो तिथे कार्तिकापर्यंतही बराचसा टिकतो. कोंब आलेली पाकळी विषारी नसते, फक्त चव उतरते. बुरशी आलेली, मऊ पडलेली पाकळी मात्र टाकून द्यावी.

आता मुख्य मुद्दा. पावसाळ्यात लसूण खराब होऊ लागला की एकदम किलोभर सोलून तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची युक्ती सांगितली जाते. ही युक्ती घातक आहे. लसूण मातीतला. मातीत ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. उघड्या हवेत ते निपचित पडून राहतात. तेलाखाली हवा नाही, आंबटपणा नाही, पाकळीत ओल भरपूर आणि स्वयंपाकघरात ऊब. तिथे ते जागे होतात व विष तयार करतात. वरून कडकडीत तेल ओतले तरी बीजाणू मरत नाहीत. वास, रंग, चव यावरून काही कळेलच असे नाही.

कॅनडातील व्हँकुव्हर शहरात १९८५ साली एका उपाहारगृहातील तेलातल्या चिरलेल्या लसणाने ३६ माणसे आजारी पडली. बाटली फ्रीजबाहेर राहिली होती. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात असेच आणखी तिघे आजारी पडले आणि अमेरिकेत अशा विकतच्या मालात आम्ल घालण्याची सक्ती झाली.

या विषबाधेत ताप बहुधा नसतो. खाल्ल्यानंतर बहुधा बारा ते छत्तीस तासांत, कधी काही दिवसांनी, एकाचे दोन दिसू लागतात, पापण्या मिटतात, जीभ जड होते, गिळता येत नाही. मग लुळेपणा खाली उतरत जातो आणि श्वास अडतो. असे दिसताच घरी उपाय करीत बसू नये. कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात तडक न्यावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे. यावर प्रतिविष आहे, पण ते लवकर द्यावे लागते.

मग सोललेला लसूण ठेवायचा कसा? तेलातला लसूण किंवा आले-लसणाचे वाटण फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावे. जास्त असेल तर छोट्या वड्या करून बर्फाच्या कप्प्यात गोठवावे. सुके खोबरे, तिखट, मीठ घालून केलेली कोरडी चटणी आणि भरपूर लिंबू किंवा व्हिनेगर घातलेले लोणचे यांत ही भीती नाही, कारण एकीत ओल नाही आणि दुसऱ्यात आंबटपणा आहे. लिंबात घातलेला लसूण कधी हिरवा-निळा होतो. ती बुरशी नव्हे, लसणातल्याच द्रव्यांची क्रिया आहे. खुशाल खावा.

औषध म्हणून खाणाऱ्यांसाठी थोडेसे. लसूण ठेचल्यावरच त्यातले उग्र द्रव्य तयार होते. म्हणून ठेचून दहा मिनिटांनी फोडणीला टाकावा. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांवर त्याचा थोडा उपयोग दिसतो, पण तेवढ्यावर चालू गोळ्या बंद करू नयेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रोज कच्च्या पाकळ्या किंवा लसणाच्या कॅप्सूल सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर लसूण खातो हे आवर्जून सांगावे. तान्ह्या बाळाला सर्दीसाठी पाकळ्यांची माळ घालण्याची चाल काही घरांत आहे. कच्च्या लसणाने कोवळी कातडी अक्षरशः भाजते, आणि सुटलेली पाकळी घशात अडकू शकते. माळ पाळण्याच्या दांडीलाही नको. बाळाचा हात तिथवर पोचायला वेळ लागत नाही.