तिकीट काढण्याआधी

"आधी भारतात जाऊन येतो, मग रीतसर ग्रीन कार्डाचा अर्ज टाकतो." न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीपाळखीत कुणाच्या व्हिसाचा घोळ झाला की फोन फिरत फिरत माझ्याकडे येतो आणि हे वाक्य हमखास कानावर पडतं. मुलगा घाबरलेला असतो. राहण्याची मुदत उलटून गेलेली असते. बायको, किंवा होणारी बायको, अमेरिकेची नागरिक असते. गावाकडचे वडीलधारे सांगत असतात की बाबा, कायद्याबाहेर राहू नकोस, घरी ये, काय ते इथून सरळ मार्गानं कर. सल्ला कळकळीचा असतो. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत मीसुद्धा तोच दिला असता. पण अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात हाच सल्ला ऐकून निघालेला माणूस दहा वर्षं बाहेर अडकू शकतो. म्हणून मी आधी एवढंच म्हणते, तिकीट इतक्यात काढू नकोस, तुझ्या आय-९४ वरची तारीख सांग.

मी वकील नाही. हे सगळं माझ्या घरात घडलं, म्हणून मला ते माहीत आहे.

माझा नवरा मूळचा सांगलीचा. एच-वन-बी व्हिसावर इथे नोकरीला होता. मी त्याच्या बरीच आधी आलेली, तोवर नागरिकत्व घेतलेली. आमचं लग्न ठरलं, घरच्यांची बोलणी झाली, सांगलीत कार्यालय बघणं सुरू झालं. २०१९ च्या दिवाळीला तो घरी गेला आणि परत आला. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट चाळला, शिक्का मारला, झालं. व्हिसा २०२१ पर्यंत होता, त्यामुळे तोवर निर्धास्त राहायचं असंच सगळे धरून चालले. पण त्याचा पासपोर्ट २०२० च्या उन्हाळ्यात संपणार होता आणि अधिकाऱ्यानं राहण्याची मुदत तेवढीच, म्हणजे पासपोर्टाच्या शेवटच्या दिवसापर्यंतच दिली होती. पुढे पासपोर्टाचं नूतनीकरण झालं, नवी कोरी पुस्तिका घरी आली. मुदत मात्र होती तिथेच राहिली. तो रोज कामावर जात होता, कर भरत होता, आणि कागदोपत्री त्याचा मुक्काम केव्हाच संपलेला होता.

कळलं ते २०२१ मध्ये, कंपनीनं व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज केला तेव्हा. उत्तर आलं की कंपनीची मागणी मंजूर, मुक्कामाची वाढ नामंजूर, कारण अर्जदाराची मुदत वर्षभरापूर्वीच संपली आहे. कंपनीसाठी काम बघणाऱ्या वकिलांच्या कार्यालयाकडे नव्या पासपोर्टाची प्रत होती. आय-९४ त्यांनी मागितलाच नव्हता.

म्हणून ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगते. व्हिसावर छापलेली तारीख दारापर्यंत येण्याची असते. आत किती दिवस राहायचं ते आय-९४ वर लिहिलेलं असतं. ही नोंद सीमाशुल्क आणि सीमासुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून कुणालाही बघता येते, छापून घेता येते. विमानतळावरून घरी आलात की त्याच रात्री बघा. पासपोर्ट संपत आला असेल, तर प्रवासाआधीच तो नवा करून घ्या. विद्यार्थ्यांच्या आय-९४ वर तारखेऐवजी 'डी/एस' अशी अक्षरं असतात. त्यांचा हिशेब वेगळा असतो. शिक्षण सुटलं म्हणून त्यांचे बेकायदा मुक्कामाचे दिवस आपोआप मोजले जायला लागत नाहीत. इमिग्रेशन खात्यानं किंवा न्यायाधीशानं तसा निर्णय दिला की मोजणी सुरू होते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांच्या आय-९४ वर मात्र नेमकी तारीख असते आणि ती आपण मनाशी धरलेले सहा महिनेच असेल असं नाही.

त्या पत्रानंतरच्या आठवड्यात आम्ही एडिसनमधल्या एका सल्लागाराकडे गेलो. भिंतीवर नोटरीचं प्रमाणपत्र, टेबलावर कराच्या फायली. तो म्हणाला, मुलाला भारतात पाठवा, तिकडून नवा शिक्का घेऊन येईल, दोन महिन्यांचं काम. ऐकायला सोपं होतं, सांगलीतलं लग्नही त्यात बसत होतं. सासूबाईंनी तर गुरुजींशी बोलून तारखाही काढल्या. अमेरिकेतला नोटरी म्हणजे सही साक्षांकित करणारा माणूस. कायद्याचा सल्ला द्यायचा त्याला अधिकारच नसतो. ते माझ्या एका सहकारी बाईंनी सांगितलं आणि आम्हाला खऱ्या वकिलाकडे धाडलं. वकील राज्याच्या बारमध्ये नोंदलेला आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी अमेरिकेच्या न्याय खात्यानं मान्यता दिलेले प्रतिनिधी धर्मादाय संस्थांत असतात.

वकीलबाईंनी कॅलेंडर पुढे ओढलं आणि दिवस मोजले. १९९६ मध्ये केलेला आणि १ एप्रिल १९९७ पासून लागू असलेला कायदा असा: बेकायदा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त पण एका वर्षाच्या आत असेल आणि माणूस आपणहून देशाबाहेर गेला, तर तीन वर्षं परत यायला बंदी. एक वर्ष किंवा जास्त झालं असेल, तर दहा वर्षं. बंदी लागू होते ती देश सोडल्यावर. नुसतं राहिल्यानं ती लागत नाही. नवऱ्याचं वर्ष उलटून गेलं होतं. तो विमानात बसला असता तर आमचं लग्न झालं असतं खरं, पण संसार २०३१ पर्यंत फोनवर.

ज्यांचे १८० दिवस अजून भरलेले नाहीत त्यांचा प्रश्न वेगळा. बाहेर गेल्यानं त्यांना ही बंदी लागत नाही. मुदत उलटल्यामुळे जुना व्हिसा मात्र रद्द ठरतो आणि नवा सहसा मायदेशातच मागावा लागतो. तिथे कधीकधी लवकर निघणंच शहाणपणाचं असतं. म्हणून मी आधी तारीख विचारते. आणि १८० दिवस म्हणजे सहा महिने नव्हेत, एकेक दिवस मोजा.

कायद्याची दुसरी बाजू त्या दिवशी पहिल्यांदा कळली आणि मला रडू आलं, हे सांगायला मला संकोच नाही. नागरिकाचा नवरा किंवा बायको, एकवीस वर्षांखालचं अविवाहित मूल, आणि एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाचे आईवडील, या जवळच्या नातलगांना मुदत उलटली असली तरी अमेरिकेतच राहून ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. मधल्या काळात परवान्याविना नोकरी झाली असेल, तर तीही आड येत नाही. अट एक आहे आणि ती पक्की आहे, देशात शिरताना अधिकाऱ्यानं तपासून आत घेतलेलं असलं पाहिजे. मेक्सिको किंवा कॅनडाच्या सीमेवरून दलालामार्फत चोरवाटेनं आलेल्यांना हा रस्ता सहसा बंद असतो. त्यांना बहुधा भारतात जाऊनच व्हिसा घ्यावा लागतो आणि निघण्यापूर्वी इथेच, जोडीदाराला किंवा आईवडिलांना अतोनात हाल सोसावे लागतील हे सिद्ध करून बंदीची माफी मागता येते. २०१३ पासून ती सोय आहे. पण ती मिळेलच असं नाही. तसंच, जोडीदार नागरिक नसून नुसता ग्रीन कार्डधारक असेल, तर मुदत उलटल्याची माफी नाही. अशा घरात आधी जोडीदारानं नागरिकत्व घ्यायचं, मग अर्ज. हा फरक न कळल्यामुळे लोक चुकीच्या वेळी फाइल उघडतात.

काही गोष्टी लग्नानंही धुऊन निघत नाहीत. नोकरी लागताना भरायच्या आय-९ फॉर्मवर 'मी अमेरिकेचा नागरिक' या चौकोनात खूण केली असेल, तर त्याला माफी जवळपास नाहीच. ग्रीन कार्डासाठी खोटं लग्न केल्याचं ठरलं, तर पुढे कुणाशी खरं लग्न केलं तरी त्या आधारावर अर्ज मंजूर होत नाही. शिवाय पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. पैसे घेऊन लग्न लावून देतो म्हणणारी माणसं आपल्या लोकांतही फिरतात. त्यांना दारात उभं करू नका.

सांगलीचं कार्यालय सोडलं. आमच्या गावच्या नगरपालिकेत अठ्ठावीस डॉलर भरून परवाना मागितला, बहात्तर तास थांबलो आणि एका मैत्रिणीच्या साक्षीनं लग्न लागलं. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकल्या.

मग कागद. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नवऱ्याच्या जन्मदाखल्यानं. तिकडच्या नगरपालिकेच्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी होती, आपल्याकडे जुन्या दाखल्यांत हे सर्रास दिसतं. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टाशी जुळत नव्हतं. दिरानं पालिकेत खेटे घातले, शाळा सोडल्याचा दाखला काढला, सासूबाई आणि मामांची प्रतिज्ञापत्रं केली. जन्माची नोंदच सापडत नसेल, तर तसं लेखी देणारं प्रमाणपत्र पालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून घ्यावं लागतं, नुसती प्रतिज्ञापत्रं पुरत नाहीत. मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि खाली भाषांतर करणाऱ्यानं, मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे, असं लिहून सही करायची असते. आधीचं लग्न मोडलेलं असेल, तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत हवी. लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव, कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नवऱ्याचं, यानं आपल्या बायकांच्या फायली फार अडतात. नावबदलाचा प्रत्येक टप्पा कागदानं जोडून द्या.

अर्जांत नात्यासाठी आय-१३०, ग्रीन कार्डासाठी आय-४८५, आर्थिक हमीसाठी आय-८६४, नोकरीच्या परवान्यासाठी आय-७६५ आणि प्रवासाच्या परवानगीसाठी आय-१३१ असे फॉर्म असतात. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकात एकट्या आय-४८५ ची फी १,४४० डॉलर आहे. डिसेंबर २०२४ पासून वैद्यकीय तपासणीचा अहवालही आय-४८५ सोबतच जोडावा लागतो. हमी देणाऱ्या नागरिकाचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी लागतं. नसेल, तर दुसरा कुणी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हमीदार चालतो.

अर्ज टाकल्यावर जिवाला जरा स्वस्थता आली आणि फेब्रुवारीत सासऱ्यांना, म्हणजे आमच्या दादांना, अर्धांगवायूचा झटका आला.

अर्ज चालू असताना परवानगीविना देश सोडला की आय-४८५ सोडून दिल्याचं धरतात, आणि वर दहा वर्षांची टांगती तलवार. घरात मुलगा येरझाऱ्या घालतोय, तिकडे दादा अतिदक्षता विभागात, नातेवाईक विचारतात हा कसला मुलगा. त्या दिवसांत माणसं तडक विमानतळ गाठतात, मला त्यांचं मन पूर्ण कळतं. वकीलबाईंनी तातडीची प्रवासपरवानगी मागायला लावली. मिरजेच्या डॉक्टरांकडून पत्र आणवलं. पहिलं पत्र मोघम होतं, ते परत पाठवलं. लेटरहेड, रुग्णाचं नाव, निदान, प्रकृती गंभीर असल्याचा स्पष्ट उल्लेख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक, एवढं त्यात हवं. नात्याचा पुरावा म्हणून तोच जन्मदाखला कामाला आला. नुअर्कच्या कार्यालयात भेट ठरली आणि परवानगी हातात पडली.

ती घेऊन गेलं तर दहा वर्षांची बंदी लागत नाही, याला आधार आहे २०१२ च्या एका निकालाचा. अराबल्ली आणि येराबेल्ली या भारतीय दांपत्याच्या खटल्यात इमिग्रेशन अपील मंडळानं सांगितलं, की अशी आगाऊ परवानगी घेऊन केलेला प्रवास म्हणजे बंदी ओढवणारं 'देश सोडणं' नव्हे. तेही भारतात म्हाताऱ्या आईवडिलांनाच भेटायला गेले होते. आमच्यासारख्या किती घरांना त्यांच्या लढ्यानं आधार दिला असेल! परत येताना आत घ्यायचं की नाही हे तरीही विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या हातात असतं, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय परवानगी असूनही निघू नये. नवरा गेला, दादांनी त्याला ओळखलं, तो परत आला.

ग्रीन कार्डाच्या मुलाखतीत अधिकाऱ्यानं आमचा एकत्र भाडेकरार, संयुक्त बँक खातं, एकत्र भरलेलं कराचं विवरण, विम्यावरची नावं हे सगळं बघितलं. फोटोंत लग्नाचे कमी आणि साध्या दिवसांचे जास्त होते, दिवाळीचा फराळ, मैत्रिणीचं डोहाळजेवण, घर बदलतानाची खोकी. माझा अनुभव असा, की अशा फोटोंनाच वजन असतं. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. अंदाजानं उत्तर देऊ नका.

पण हा २०२२ चा अनुभव आहे, त्यावर आज तसंच विसंबू नका. २०२५ पासून खात्याचं धोरण कडक झालं आहे. अर्ज फेटाळला आणि अर्जदाराकडे दुसरा कायदेशीर मुक्काम नसेल, तर प्रकरण थेट इमिग्रेशन न्यायालयात पाठवण्याचे आदेश निघाले. अर्ज प्रलंबित आहे म्हणून कुणी अटकेपासून सुरक्षित नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात सॅन डिएगोमध्ये मुदत उलटलेल्या काही जोडीदारांना ग्रीन कार्डाच्या मुलाखतीच्या जागीच ताब्यात घेतलं. म्हणून मुलाखतीला वकिलाशिवाय जाऊ नका, आणि आपल्या नावावर देशाबाहेर काढण्याचा जुना हुकूम निघालेला आहे का हे अर्जाआधीच तपासून घ्या. जुन्या पत्त्यावर नोटीस गेली, तारखेला कुणी हजर राहिलं नाही आणि हुकूम झाला, असं होतं. पत्ता बदलला की दहा दिवसांत खात्याला कळवायचं असतं ते यासाठीच.

ग्रीन कार्ड हातात आलं तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षं झालेली नव्हती, म्हणून ते दोनच वर्षांचं, अटीचं मिळालं. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरावा लागतो, नाहीतर दर्जा जातो आणि सगळं नव्यानं. लग्न दरम्यान मोडलं असेल किंवा नवरा छळत असेल, तर एकटीनंही तो भरता येतो, अट माफ करून मागता येते. हे मी बायकांना मुद्दाम सांगते, कारण 'सही करणार नाही' या धमकीवर कितीतरी जणी सोसत राहतात. आणि ज्यांचं कार्ड आजच आलं आहे त्यांनी पुढच्या नव्वद दिवसांच्या खिडकीची पहिली तारीख काढून ठेवावी, भाडेकरार, बँक, कर यांचे कागद त्याच फायलीत दर महिन्याला टाकत राहावेत.