लॅपटॉपची खाच आणि कीर्तनाचा आवाज

वस्तूचा आकार एक आणि तिचा धर्म निराळा, हा भेद आम्हांला पाठशाळेत घटाच्या दृष्टांताने शिकविला. हल्ली तो लॅपटॉपच्या खाचेवरूनही शिकविता येईल. अमरावती-अकोल्याकडील कित्येक भजनी मंडळांजवळ मुलांनी टाकून दिलेले जुने लॅपटॉप आणि स्वस्तात आलेले फायरवायरचे ऑडिओ इंटरफेस असतात. सप्ताहात येणाऱ्या वयोवृद्ध कीर्तनकारांचा आवाज त्यांवर साठवावा, ही इच्छा उत्तमच. तो कंठ पुढच्या सप्ताहाला असेलच असे नाही. मग वर्गणीतून एखादे कार्ड येते आणि मंडळी आम्हांस विचारतात, "महाराज, कार्ड तं बसलं जी, पण आवाज काहून तुटते?"

माइकचा, वीणेचा, पखवाजाचा ध्वनी अंकांत बदलून लॅपटॉपला देणारी पेटी तो इंटरफेस. तिची तार लावावयास लॅपटॉपला दार नसेल, तर बाजूच्या खाचेत कार्ड सारून ते दार करावयाचे. आता या खाचांची कुळे पाहा. जुने पीसी कार्ड सोळा बिटांचे. त्यावर फायरवायरचा विचारच नको. १९९५ च्या सुमारास त्याच ५४ मिलिमीटर रुंदीत बत्तीस बिटांचे कार्डबस आले. २००३ साली एक्सप्रेसकार्ड निघाले, ३४ आणि ५४ मिलिमीटर अशा दोन रुंदींचे. ३४ चे कार्ड ५४ च्या खाचेत चालते, ५४ चे ३४ च्या खाचेत शिरत नाही. पण कार्डबसचे कार्ड ५४ च्या एक्सप्रेसकार्ड खाचेत नेले तर? रुंदी तीच, जोडणी वेगळी. नाव सारखे म्हणून गोत्र सारखे होत नाही!

आता खरी मेख. एक्सप्रेसकार्डच्या आत दोन वाटा आहेत, पीसीआय एक्सप्रेस आणि यूएसबी २.०. फायरवायरचे कार्ड पहिल्या वाटेने चालणारेच हवे. कोणी म्हणेल, वेग पुरत नसेल. तसे नव्हे. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटांचा एक माइक सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट घेतो. आठ माइक लावले तरी सव्वानऊ. फायरवायरला ४०० ची ऐपत. अडते ते वेळेवर. बफर २५६ नमुन्यांचा ठेवला, तर दर ५.३ मिलिसेकंदांनी पुढचा घास पोचलाच पाहिजे. पखवाजवाला कितीही जलद वाजवो, सम चुकली की चुकली, तसेच हे. तिथे कार्डावरची चिप कामास येते. अनेक इंटरफेसवाले टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपेचे कार्ड घ्या असे सांगत, ते याचसाठी.

विजेचाही प्रश्न आहे. फायरवायरच्या चार टोकांच्या जोडणीतून वीज मिळतच नाही. सहा टोकांची असली तरी लॅपटॉपच्या खाचेतून पेटी चालण्याइतकी वीज बहुधा येत नाही. पेटीला तिचा स्वतंत्र अडॅप्टर हवाच. (अकोल्याचा मे महिना ४५ अंशांवर जातो, तेव्हा कार्डही तापते, मंडपात पंखा महाराजांकडे असतो, लॅपटॉपकडेही थोडा वळवा.)

नव्या लॅपटॉपना ही खाच राहिली नाही. २०११ पासूनच्या थंडरबोल्टमधून पीसीआय एक्सप्रेसची वाट बाहेर काढता येते, पण यूएसबी-सीच्या आकाराचे प्रत्येक दार थंडरबोल्टचे नसते. इथेही आकार फसवतो. यूएसबीवरून फायरवायर करून देणारी साधी तार विकतात, ती घेऊ नये. तिच्याने काम होत नाही. शिवाय २०२५ च्या मॅक ओएस २६ ने फायरवायरचा आधारच काढला आहे. नवा लॅपटॉप असेल त्यांनी यूएसबीचाच इंटरफेस घ्यावा, तेच शहाणपण.

जुन्या सामानावरच भागवायचे असेल त्यांनी आपला लॅपटॉप, आपली पेटी, तिचा अडॅप्टर आणि दोन माइक घेऊन दुकानात जावे. कार्ड लावून तेथेच अर्धा तास सलग ध्वनिमुद्रण करावे, ते कानाला लावून पुरते ऐकावे, आणि मध्ये एकदाही टक असा आवाज आला तर पैसे न देता उठावे.