आच किती असावी?
(शब्बाथशाळा शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

नाताळच्या कार्यक्रमात दरवर्षी एखादे तरी मूल असे निघते, की घरी त्याला सगळे तोंडपाठ असते. पण व्यासपीठावर उभे राहताच त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. "पाठांतर नीट केले नव्हते" असा ठपका त्याच्यावर बसतो. वर्गात मागे बसून जांभया देणारे मूलही असते. त्याला आपण आळशी ठरवतो. ही दोन मुले परस्परांहून अगदी निराळी दिसतात. परंतु दोघांची अडचण बहुधा एकाच गोष्टीत असते. ती कोणती, हे या पाठात पाहू या.

१. जागेपणा म्हणजे काय?

प्रेरणेला दोन अंगे असतात. काय करायचे ही तिची दिशा, आणि किती नेटाने करायचे हा तिचा जोर. या जोरामागे शरीराची व मेंदूची जी सज्जता असते, तिला मानसशास्त्रात उद्दीपन म्हणतात. आम्ही येथे 'जागेपणा' हा साधा शब्द वापरतो. गाढ झोप हे त्याचे एक टोक, तर भीतीने किंवा संतापाने भान सुटणे हे दुसरे.

मेंदूत याची यंत्रणा कोठे आहे? १९४९ साली मोरुझ्झी व मॅगून या शास्त्रज्ञांनी गुंगी दिलेल्या मांजरांवर प्रयोग केले. मेंदूच्या बुंध्याशी, पाठीच्या कण्याकडे जाणाऱ्या भागात, पेशींचे एक जाळे आहे. त्याला सूक्ष्म विजेने चेतवताच मेंदूतील संथ लहरी थांबून जागेपणीच्या जलद लहरी उमटल्या. म्हणजे जाग आणणारी व्यवस्था मेंदूच्या आतच आहे. पुढील संशोधनाने दाखवले, की हे एकाच केंद्राचे नव्हे, तर अनेक केंद्रांचे काम आहे. त्यांपैकी लोकस सेरूलियस हा एक निळसर ठिपका. आकाराने तो अगदी लहान, पण त्याचे तंतू जवळजवळ सर्व मेंदूत पसरतात आणि नॉरअॅड्रेनलिन हे द्रव्य सोडून लक्ष जागे ठेवतात.

२. आच फार कमी पडली तर

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात १९५० नंतरच्या काही वर्षांत डोनाल्ड हेब यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना दिवसाला वीस डॉलर देऊन नुसते पडून राहायला सांगितले. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांत मोजे, कानांशी एकसुरी आवाज. खाणेपिणे व्यवस्थित, काम काहीच नाही. तरीही बहुतेक जण दोनतीन दिवसांपलीकडे टिकले नाहीत. विचार भरकटू लागले, काहींना भास झाले. लहान मुलांसाठी केलेले दारूच्या धोक्यांवरील भाषणही ऐकावेसे वाटू लागले! यावरून दिसते, की मेंदूला कंटाळा सोसत नाही. तो खाद्य शोधू लागतो. मागे बसलेले मूल शेजाऱ्याला चिमटा काढते, तेव्हा अनेकदा हेच घडत असते.

३. आच फार वाढली तर

१९०८ साली यर्क्स व डॉडसन यांनी उंदरांना दोन पेट्यांतील उजळ पेटी ओळखण्यास शिकवले. चुकल्यास विजेचा झटका बसे. ओळखणे सोपे असताना झटका जितका जोराचा, तितके उंदीर लवकर शिकले. पण दोन पेट्यांतील फरक ओळखणे कठीण केल्यावर जोराच्या झटक्याने शिकणे मंदावले. तेथे सौम्य झटका अधिक उपयोगी ठरला. प्रयोग लहान होता व उंदरांवरचा होता, म्हणून माणसाच्या प्रत्येक कामाला तो मोजूनमापून लावता येणार नाही. तथापि, काम जितके कठीण तितका दाब कमी हवा, हा त्यातील विचार मोलाचा आहे.

भाकरीला चांगला तापलेला तवा लागतो. दूध मात्र मंद आचेवरच तापवावे लागते. शिकण्याचेही तसेच. कपाळामागील मेंदूचा भाग गोष्टी ध्यानात धरणे, विचारपूर्वक निवड करणे ही कामे करतो. तीव्र ताणात या भागाचे काम ढिले पडते आणि सवयीच्या, झटपट प्रतिक्रिया पुढे येतात. मुलाने पाठ केलेले नाहीसे झालेले नसते. त्या क्षणी त्याला ते हाती लागत नाही.

१९६५ साली रॉबर्ट झायोंक यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. लोक पाहत असले की पक्के मुरलेले काम अधिक चांगले होते, आणि नवे, कच्चे काम अधिक बिघडते. प्रेक्षकांमुळे जागेपणा वाढतो. तो साहाय्य करील की घात, हे तयारीवर ठरते.

४. वर्गात काय करावे?

(अ) नवा किंवा अवघड धडा शिकवताना छडी, धमकी व तुलना दूर ठेवावी. चढाओढ पाठ झालेल्या भागासाठी राखून ठेवावी.

(आ) वर्ग पेंगत असल्यास रागावण्याऐवजी बदल करावा: प्रश्न विचारावा, गीत घ्यावे, मुलांना उभे करावे.

(इ) व्यासपीठावर जाणाऱ्या मुलाकडून आधी दोघांतिघांसमोर, मग वर्गासमोर म्हणवून घ्यावे.

(ई) छाती धडधडते म्हणजे शरीर कामाला सज्ज होत आहे, असे त्याला सांगावे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, प्रौढांवरील एका प्रयोगात भाषणापूर्वी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतो आहे" म्हणणाऱ्यांची भाषणे सरस ठरली.

(उ) सर्व मुलांना एकच आच लावू नये. ज्या करड्या आवाजाने एक मूल सावध होते, त्यानेच दुसरे गोठते.

शिक्षकबंधुभगिनींनो, "हा मंद आहे" असा शेरा मुलाला वर्षानुवर्षे चिकटून राहतो. तो देण्यापूर्वी आपण लावलेली आच एकदा तपासून पाहावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील कोणते मूल कंटाळते व कोणते घाबरते? कशावरून ओळखाल?
२. गेल्या कार्यक्रमात अडखळलेल्या मुलाची तयारी कोणासमोर झाली होती?
३. पुढील महिन्याच्या धड्यांपैकी कोणता भाग मंद आचेवर शिकवावा लागेल?