वह्या, पावत्या आणि पगार

चि. सानिका हिस,


आजवर जो दारात आला त्याला देत आलीस: कुणाला वर्गणी, जूनमध्ये कुणाला वह्या, मार्चअखेर करसवलतीची पावती मिळते म्हणून आणखी एक चेक. आता तेच पैसे विचार करून एका कामाला द्यावेत असं तुझ्या मनात आलंय, ते उत्तम. फक्त ‘कोणती संस्था चांगली?’ इथून सुरुवात करू नकोस. कुणाच्या आयुष्यात नेमका काय फरक पडायला हवा ते आधी ठरव, आणि तो कशाने पडतो याचा पुरावा शोध. हा क्रम उलटला की पैसा हमखास वस्तूंकडे वळतो. वस्तू मोजता येतात, वाटता येतात, फोटोतही छान दिसतात.

शिक्षणाचंच बघ. पुस्तकं दिली की मुलं शिकतील, हे कुणालाही पटेल. पश्चिम केनियातल्या प्राथमिक शाळांमध्ये १९९०च्या दशकात ते तपासून पाहिलं गेलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा काही शाळा निवडून त्यांना आधी पुस्तकं दिली आणि बाकीच्या शाळांशी तुलना केली. सरासरी गुण वाढलेच नाहीत. फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि इंग्रजी ही तिथल्या बहुतेक मुलांची तिसरी भाषा. मागे पडलेल्या पोराला ती वाचताच येत नव्हती. देणाऱ्यांच्या हेतूत खोट नव्हती, पण दुखणं एक आणि औषध दुसरं, असं झालं.

याच्या शेजारी मुंबई ठेव. ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांमध्ये ‘बालसखी’ नेमल्या. शालेय शिक्षण झालेली, वस्तीतलीच एखादी तरुणी तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोनेक तास वर्गाबाहेर घेऊन बसायची; रिकामी खोली नसली तर व्हरांड्यात. अक्षरं, वाचन, बेरीज-वजाबाकी, एवढंच. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई व बडोद्यात या कामाची तशीच तुलना केली. गुण स्पष्टपणे वाढले, आणि जास्त वाढले ते तळाच्या मुलांचे. मुख्य खर्च होता बालसखीचं मानधन, महिना ५०० ते ७५० रुपये. (तेवढ्यावर कुणाला राबवायचं का, हा प्रश्न तू जरूर विचार.)

आता तू म्हणशील, पगारातच पैसे गेले तर गरिबाच्या पदरात काय पडलं? इथे तर पगार हेच काम होतं. ‘व्यवस्थापनावर किती टक्के?’ हा आकडा दात्यांना फार आवडतो, पण वह्या वाटणाऱ्या संस्थेचा तो खर्च नगण्य असेल आणि मुलं तरीही वाचू लागणार नाहीत. दुसरा आक्षेप जुना: उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये, मग हिशेब कसला? पण तिथे झाकायचं असतं ते देणाऱ्याचं नाव. दिलेल्याचं पुढे काय झालं, ते झाकायला कुणी सांगितलेलं नाही. तिसरा आक्षेप मला खरा वाटतो. सगळंच मोजता येत नाही. अत्याचार झालेल्या कुटुंबाला कोर्टात उभं राहायला मदत करणारी संस्था गुणपत्रिका कुठून दाखवणार? तिथे कामाची दिशा आणि माणसं पारखावी लागतात, त्यात चूकही होऊ शकते, आणि तरी अशा कामाला पैसे द्यावेत. अडल्या शेजाऱ्यासाठीही थोडी रक्कम बाजूला असू दे. तिचा हिशेब मागू नकोस.

आणखी एक. बालसखी थांबल्यावर वर्षभरात त्या मुलांची बरीचशी आघाडी ओसरली. म्हणून एका वर्षाचा मोठा चेक देण्यापेक्षा तीच रक्कम तीन वर्षांत विभागून, आधी कळवून दे. पुढच्या वर्षीचा पगार निघेल की नाही याची धास्ती असलेली संस्था चांगली माणसं टिकवू शकत नाही. शब्द देण्याआधी तिथल्या एखाद्या कार्यकर्तीशी, साहेब जवळ नसताना, बोल. मागच्या वर्षी कोणतं काम जमलं नाही आणि बंद केलं, ते विचार. आणि तिचं मानधन वेळेवर होतं का, तेही.

तुझा,
काका