अजरख छपाई : रंग, पाणी आणि उत्पादनखर्च

छापील कापडाचे मोल केवळ नक्षीवर ठरत नाही. नक्षीमागील कापड किती स्वच्छ राहिले, हेही ग्राहक पाहतो. कच्छमधील अजरख छपाईत ही स्वच्छता राखण्यासाठीच बरेचसे श्रम खर्ची पडतात.

कापड प्रथम खार व एरंडेल यांच्या मिश्रणात मुरवून धुतले जाते. खळ उरल्यास रंग सर्वत्र सारखा बसत नाही. नंतर ते हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवितात. हिरड्यातील टॅनिनचा लोहाशी संयोग होताच काळा रंग तयार होतो. भंगार लोखंड व गूळ आंबवून केलेल्या द्रावाने काळ्या रेषा छापल्या जातात, त्या याच गुणधर्माच्या आधारे. तांबड्या भागासाठी तुरटी छापतात. पांढरा भाग चुना व डिंक यांच्या लेपाने झाकतात. छपाईनंतर कापड काही दिवस ठेवून वाहत्या पाण्यात धुवावे लागते. साचलेल्या पाण्यात सुटलेली तुरटी वा लोह शेजारच्या भागावर बसते आणि पुढे मंजिष्ठाच्या उकळीत तेथे नको तो रंग चढतो.

मात्र लोह पाण्यातच असेल तर कारागिराचे कौशल्य अपुरे पडते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यातील लोहाचे प्रमाण वाढले आणि रंग बिघडू लागले. तेव्हा अनेक खत्री कुटुंबांनी भुजच्या पूर्वेला सामूहिकरीत्या जमीन घेऊन अजरखपूर वसविले. जागेची निवड पाण्यावरून झाली, ही बाब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. सूत, रंगद्रव्ये व मजुरी यांचा हिशेब प्रत्येक कारखानदार ठेवतो. पाण्याची किंमत मात्र बहुधा शून्य धरली जाते. धमडक्यात ती किंमत एकदम प्रकट झाली. स्थलांतराचा असा खर्च एकट्या लघुउद्योजकाला क्वचितच पेलतो; समूहाने तो वाटून घेतला.

वस्तूंची भौगोलिक निर्देशके अधिनियम, १९९९ खाली कच्छ अजरखची नोंदणी २०२४ मध्ये झाली. तिने नावाला संरक्षण मिळते, पाण्याच्या गुणवत्तेला नव्हे. स्क्रीन छपाईच्या स्वस्त नकलांशी स्पर्धा करताना डागाळलेला प्रत्येक तागा कारागिराच्या नफ्यातूनच वजा होतो.

तरीही काही कुटुंबे धमडक्यातच राहिली. घर, जमीन व नातेसंबंध यांमुळे श्रमाची गतिशीलता पाठ्यपुस्तकात मानली जाते तेवढी सुलभ नसते.