संस्था बंद पडली, तरी गट चालेल

प्रश्न : मुलाने आत्महत्या केल्यापासून मी एका संस्थेच्या आधारगटात जाते. देणग्या आटल्याने संस्था बंद होतेय. आता आम्ही कुठे जायचं? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, संस्थेबरोबर गट मोडलाच पाहिजे, असं नाही. वाचनालयाची खोली, महिन्याचा ठरलेला वार आणि बोलणं सांभाळून घेणारे दोन अनुभवी सदस्य, एवढ्यावर बैठक चालते. विश्वस्तांना आत्ताच भेटा. असंच काम करणारी दुसरी संस्था गट सांभाळेल का, विचारा. सदस्यांची नावं-नंबर मात्र संमतीशिवाय कुणाला देऊ नका. कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील, तर त्याला एकटं सोडू नका. 'टेलि-मानस'च्या १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत, चोवीस तास, मराठीतही मिळते. पुढची बैठक चुकवू नका.