वळीव, वीज आणि कडब्याची गंजी
वैशाखांत पिंगळीच्या शिवारांत दुपारी ऊन रखरखते व तिसऱ्या प्रहरी वळिवाचे ढग दाटतात. एकाच दिवशी आग व वीज या दोहोंचे भय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे अॅप जवळपासच्या विजेची सूचना देते. परभणीचे कृषि विद्यापीठही हवामानाचा सल्ला प्रसिद्ध करते. परंतु ज्यापाशी मोबाइल नाही, त्या गुराख्यास कोण कळविणार? हे काम वाचतां येणाऱ्याने अंगावर घ्यावे, असे आम्हांस वाटते. गुराख्यास एवढे तरी शिकवावे, की वीज चमकल्यावर अंक मोजावे. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर अंतर. तिसाच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर निंबाखाली न थांबतां पक्क्या घरांत जावे. (गुरे टाकून जाववत नाही, हे आम्ही जाणतो.) कडब्याची गंजी घरापासून व विजेच्या तारांपासून दूर रचावी, आणि वारा सुटला असतां धसकटे मुळींच पेटवूं नयेत.